परसातल्या चौदा कोंबड्या आणि अस्तित्वात नसलेला परवाना

माननीय मुख्याधिकारी, अध्यक्ष आणि आमच्या नगरपरिषदेचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी दुपारी आपला कर्मचारी माझ्या दाराला नोटीस चिकटवून गेला. मी घरीच होते. मागच्या परसात कोंबड्यांचे पाणी बदलत होते, हाक मारली असती तर लगेच पुढे आले असते. नोटिशीत म्हटले आहे की निवासी क्षेत्रात विनापरवाना कुक्कुटपालन व अंडी विक्रीचा व्यवसाय सुरू असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी सात दिवसांत पक्षी हलवावेत, अन्यथा कारवाई केली जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यालयात गेले. भांडायला नव्हे, परवान्याचा अर्ज मागायला गेले होते. आरोग्य विभागाने बाजार विभागाकडे पाठवले, बाजार विभागाने नगररचनेकडे. तिथल्या गृहस्थांनी माझे सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, "आजी, असा परवानाच नाही आपल्याकडे. अर्जाचा नमुना नाही, तर देऊ काय?" त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घरी येताना रिक्षात नोटीस पुन्हा वाचली तेव्हा 'विनापरवाना' या शब्दावरच नजर अडली. जो परवाना नगरपरिषद देतच नाही, तो नसल्याबद्दल मला दोषी धरले आहे. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे. यात प्रश्न माझ्या एकटीचा नाही. आमच्या वसाहतीत निदान पाच-सहा घरांत कोंबड्या आहेत, आणि नोटिशीची बातमी पसरल्यापासून त्या घरांनी खुराड्यांवर ताडपत्री टाकली आहे.

आधी माझ्याविषयी थोडे. मी अंगणवाडी सेविका होते. २०१९ मध्ये निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसे मिळाले, दरमहा पेन्शन नाही. तीन गुंठ्यांचा प्लॉट आहे, त्यात पुढे दोन खोल्या आणि मागे परस. शेवगा, कढीपत्ता, दोन पपया, अळूचे वाफे. तेव्हा ही वसाहत ग्रामपंचायतीत होती. २०२० च्या दिवाळीआधी कोल्हापूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून गिरिराज जातीच्या कोंबड्यांची पंचवीस पिले आणली. ते वर्ष कोंबडीवाल्यांना फार वाईट गेले होते. कोंबडी खाल्ली की करोना होतो, अशी अफवा फेब्रुवारी-मार्चमध्ये उठली आणि पोल्ट्रीवाल्यांवर माल फुकट वाटायची वेळ आली. लोक कोंबडीचे नाव काढले तरी मागे सरत. माझी पिले जेमतेम अडीच महिन्यांची झाली, तोच जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला. मी दोन महिने एकही पक्षी जाळीबाहेर सोडला नाही. ती काळजी मी कुणाच्या सांगण्यावरून घेतली नव्हती. भीतीच वाटत होती.

पुढे हद्दवाढ झाली आणि आम्ही आपल्याकडे आलो. घरपट्टी वाढली, ती भरली. ओढ्यावरचे दिवे आले, त्याबद्दल आभार. पण हद्दीची रेघ ओढ्यातून गेली आहे, ही गोष्ट कृपा करून ध्यानात घ्या. ओढ्यापलीकडे ग्रामपंचायत आहे. तिथल्या बाईने अर्ज केला आणि तिची निवड झाली, तर पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेतून तिला पंचवीस तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणि तीन नर असा गट निम्म्या अनुदानावर मिळतो. अलीकडच्या काठावर, दोनशे पावलांवर, चौदा कोंबड्यांसाठी नोटीस येते. जमीन तीच, माणसे तीच, घारसुद्धा तीच. माझ्या परसात रेघ आखण्याआधी काय होते आणि नंतर काय बदलले, हे मला कुणी समजावून सांगितले तर बरे होईल.

आता तक्रारीबद्दल. माझ्या शेजारच्या काकांनी तक्रार केली आहे, हे मला ठाऊक आहे आणि त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या तक्रारीतल्या दोन गोष्टी एके काळी खऱ्या होत्या.

पहिली कोंबड्याची. पंचवीस पिलांत अकरा नर निघाले. दहा विकले, एक ठेवला, कारण कोंबड्यांना कोंबडा हवाच, असा माझाही समज होता. तो पहाटे साडेचारला आरवायचा. काकांचा मुलगा रात्रपाळी करून तीनला झोपतो. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतला आकडा मला पुढे कळला. तो कोंबडा या मर्यादेत बसणे शक्यच नव्हते. आकडा कळण्याआधीच काकूंचा चेहरा पाहून मी तो नणंदेच्या वस्तीवर देऊन टाकला. त्यानंतर अंडी एकानेही कमी झाली नाहीत. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देते, फक्त त्यातून पिलू निघत नाही. हे इतके साधे आहे, तरी मोठमोठ्या शिकलेल्या माणसांना मला समजावून सांगावे लागते. न्यूयॉर्कसारख्या शहरातही घरी कोंबड्या पाळायला मुभा आहे, कोंबडा ठेवायला बंदी आहे. तिथल्या लोकांनी नेमके दुखणे कुठे आहे ते ओळखले.

दुसरी वासाची. पहिल्या पावसाळ्यात माझी चूक झाली. खुराड्यात मातीची जमीन होती, वर गोणपाट टाकले होते. आषाढात ओल चढली, विष्ठा आणि पाणी एक झाले, डोळ्यांत पाणी येईल असा वास सुटला आणि माश्या झाल्या. काकांच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या बाजूला आहे. त्यांनी तेव्हा मला चार शब्द सुनावले, ते योग्यच होते. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले की वास कोंबडीचा नसतो, ओलीचा असतो. मग कोबा केला, उताराला पन्हळ काढली, वर चार-पाच इंच भाताचे तूस पसरले. दर दोन दिवसांनी ते दाताळ्याने खालीवर करते, ओल दिसली की चुना भुरभुरते. पाण्याचे उघडे भांडे काढून चोचीने दाबल्यावरच थेंब येईल अशा निपलची नळी लावली, कारण अर्धी ओल सांडलेल्या पाण्याचीच असते. खुराडे उचलून शेवग्याखाली नेले, काकांच्या भिंतीपासून अठरा फुटांवर. तूस जुने झाले की पालापाचोळ्याबरोबर खड्ड्यात दोन महिने कुजवते. ताजे कोंबडखत उष्ण असते, मुळे जाळते. कुजवलेले मात्र वसाहतीतल्या गुलाबवाल्या बायका आधीपासून सांगून ठेवतात. मागचे तीन पावसाळे वास आला नाही. आपल्या स्वच्छता निरीक्षकांनी ऐन श्रावणात येऊन खात्री करावी.

उंदरांचे कुणी बोलले नाही, पण मीच बोलते, कारण ती खरी अडचण आहे. खाद्य उघडे राहिले की उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप येतो. म्हणून खाद्य पत्र्याच्या डब्यात ठेवते आणि संध्याकाळी उरलेले उचलून घेते. अर्धा इंची वेल्डमेशची जाळी जमिनीत फूटभर गाडली आहे, नाहीतर मुंगूस खालून उकरते. ही जाळी दोन हजार आठशेला पडली. हा आकडा सांगते कारण पुढे नियम करताना आपल्याला कळावे की माझ्यासारखी बाई किती खर्च झेपवू शकते.

नोटिशीत 'व्यवसाय' म्हटले आहे, तर त्याचा हिशेबही मांडते. चौदा कोंबड्यांची मिळून दिवसाला सहा-सात अंडी. थंडीत आणि पावसाळी अंधारात कमी होतात, कारण अंड्यांसाठी चौदा ते सोळा तासांचा उजेड लागतो. पीस झडायला लागले की दीड-दोन महिने जवळपास बंद. एखादी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसून राहिली, की ती वेगळीच. बऱ्या महिन्यात घरातली वगळून एकशे साठ अंडी विकते, बारा रुपयांनी. एक हजार नऊशे वीस रुपये झाले. मंडईतला कोबीचा पाला आणि घरातले उष्टे धरूनही तीस किलो खाद्य विकत लागते, बत्तीस रुपयांनी नऊशे साठ. तूस, चुना, लस, शिंपल्याचा चुरा यांचे दीडशे. हातात आठशे रुपये राहतात. या आठशेत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि गॅस सिलिंडरचा मोठा वाटा निघतो. कुणाला हे थोडे वाटेल. मला या वयात कुणापुढे हात पसरावा लागत नाही, एवढे ते मोठे आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांत पोल्ट्रीला संमती घ्यावी लागते ती पाच हजार पक्ष्यांपासून पुढे. पाच हजार आणि चौदा यांना एकाच नोटिशीत, एकाच शब्दांत बसवू नका, एवढीच विनंती आहे.

आणि अंडी कोण नेते? तिसऱ्या गल्लीतली बाळंतीण, व्यायामशाळेत जाणारी दोन मुले, निवृत्त मास्तर आणि बांधकामावरच्या तीन बायका, त्या सुटी दोन-दोन नेतात. प्रत्येक अंड्यावर मी शिसपेन्सिलीने तारीख घालते. सहा दिवसांवरचे अंडे विकत नाही, घरात खाते. गावरान म्हणून औषधी, असले मी कधी कुणाला सांगितले नाही. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात, मग ते माझ्या परसातले असो की पोल्ट्रीच्या ट्रेमधले. अंगणवाडीत तीस वर्षे आयांना हेच सांगितले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने माणशी वर्षाला १८० अंडी सुचवली आहेत. २०२३-२४ च्या सरकारी आकडेवारीत देशात माणशी उपलब्धता १०३ होती. ही तूट माझ्या चौदा कोंबड्यांनी भरणार नाही. पण काडीसारखे दंड असलेली मुले मी वजनकाट्यावर ठेवलेली आहेत. त्यामुळे ज्या गल्लीत सकाळी ताजे अंडे मिळते, ती गल्ली ते बंद पडल्यावर थोडी गरीब होते, असे मला मनापासून वाटते.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा, रोगाचा. आपल्यापैकी काहींना बर्ड फ्लूची धास्ती वाटते, असे ऐकले. वाटायलाच हवी. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात पहिल्यांदा हा रोग सापडला, तेव्हा लाखो पक्षी मारून पुरावे लागले. आपल्याकडे मानमोडीही आहे, जिला डॉक्टर रानीखेत म्हणतात. ती आली की दोन दिवसांत खुराडे रिकामे होते. तिच्यावरच्या लसी, म्हणजे सातव्या दिवशी लासोटाचा थेंब आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बीची सुई, माझ्या पिलांना दिल्या जातात, त्याची नोंद वहीत आहे. आठवडी बाजारातून मोठा पक्षी मी कधीच आणत नाही, कारण रोग बहुधा त्याच डालग्यातून घरी येतो.

पण बर्ड फ्लूवर लस देऊन निवांत होता येत नाही. तिथे एकच गोष्ट उपयोगी पडते: पक्षी कुठे आहेत आणि मेले तर किती मेले, हे ताबडतोब कळणे. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने मालकावर ते कळवण्याचे बंधनच घातले आहे. रोग निघाला की त्या ठिकाणाभोवतीचा एक किलोमीटरचा परिसर बाधित धरून तिथले पक्षी नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. आता विचार करा. आपण बंदी घातली तर ताडपत्रीखालच्या त्या पाच-सहा घरांतल्या कोंबड्या नाहीशा होतील का? त्या गच्चीवर जातील, न्हाणीघरात जातील, जिन्याखाली जातील. त्यातल्या चार एका रात्री मेल्या, तर ती बाई दवाखान्याला फोन करेल की नोटिशीच्या भीतीने पिशवीत भरून ओढ्यात टाकेल? मी या वसाहतीत गरोदर बायकांच्या नोंदी ठेवत फिरले आहे. ज्या घराला शिक्षेची भीती असते ते घर माहिती लपवते, हे मी दार ठोठावून ठोठावून शिकले. कोंबड्यांची यादी आपल्या कार्यालयात असणे ही शहराच्या आरोग्याची गरज आहे, आणि बंदी घातली की ती यादी कधीच तयार होणार नाही.

म्हणून माझे मागणे असे. नोटीस मागे घ्या एवढ्यावर मी थांबत नाही. परवाना निर्माण करा. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने आपल्याला उपविधी, म्हणजे शहरापुरते नियम, करण्याचा अधिकार दिला आहे, आणि कित्येक वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर आता सभागृहात आम्ही निवडून दिलेली माणसे बसली आहेत.

त्यात अटी घाला, कडक घाला. एका घरात पंधराच्या वर कोंबड्या नकोत. नर अजिबात नको. मात्र एक दिवसाच्या पिलात नर-मादी आपल्याला ओळखता येत नाही, तुरा वाढायला लागतो तेव्हा कळते, म्हणून नर हलवायला पिले आणल्यापासून तीन महिन्यांची मुभा ठेवा. खुराडे शेजाऱ्याच्या खिडकीपासून किती फुटांवर हवे ते आपण ठरवा. जाळी वरूनही बंद हवी, म्हणजे रानपक्ष्यांची विष्ठा आत पडणार नाही. लसीची वही दाखवणे सक्तीचे करा, मेलेल्या पक्ष्याची खबर त्याच दिवशी देणे सक्तीचे करा, खत नालीत गेले तर दंड करा. विक्री फक्त स्वतःच्या कोंबड्यांच्या अंड्यांची, घरातून, कोंबड्या कापून विकणे नाही. सदनिकांच्या गॅलरीत कोंबड्या ठेवायला माझा स्वतःचाच विरोध आहे. तिथे ना माती, ना ऊन. पक्ष्याचेही हाल आणि खालच्या मजल्याचेही. वार्षिक शुल्क घ्या, पण ते शंभर-दोनशेच्या पुढे नेऊ नका, नाहीतर लोक परवान्याऐवजी पुन्हा ताडपत्रीच घेतील.

एका अटीला मात्र माझा विरोध आहे. परवान्यासाठी चारही शेजाऱ्यांची लेखी संमती आणा, अशी सूचना एका सदस्यांनी बोलून दाखवल्याचे कळले. तसे करू नका. कुणाशी बांधाचे, कुणाशी नळाच्या पाण्याचे जुने बोलणे झालेले असते, आणि त्याचा वचपा कोंबड्यांवर निघेल. त्यापेक्षा तक्रारीची दाद ठेवा. शेजाऱ्याने तक्रार केली की निरीक्षकाने सात दिवसांत येऊन स्वतः पाहावे, वही तपासावी, वास घ्यावा आणि दोघांना समोरासमोर बसवून निर्णय द्यावा. माझ्या बाबतीत तसे झाले असते, तर काकांनाही आपले ऐकले गेल्याचे समाधान मिळाले असते. नोटीस आल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. संक्रांतीला ज्यांच्या घरी तिळगूळ घेऊन जाते, त्यांच्या फाटकापाशी आता माझे पाऊल अडखळते. याचे दुःख मला कोंबड्या जाण्याच्या भीतीपेक्षा कमी नाही.

नोटिशीची मुदत मंगळवारी संपते आहे. सर्वसाधारण सभा त्यानंतर आठ दिवसांनी आहे, असे कार्यालयातून कळले. तोवर कारवाई थांबवावी आणि हा विषय त्या सभेच्या पत्रिकेवर घ्यावा, असा लेखी अर्ज मी आज आवक-जावक विभागात दिला आहे. पोच माझ्याकडे आहे. लसीची वही, खाद्याच्या पावत्या आणि अंड्यांच्या नोंदी घेऊन मी सभेला येईन. बोलायला पाच मिनिटे मिळाली तरी पुरे.

त्याआधी कुणाला प्रत्यक्ष पाहायचे असेल तर खुराड्याचे दार मी सकाळी साडेसहाला उघडते. काकांनाही त्या वेळी बोलवा. मी त्यांच्यासाठी जाळीलगत खुर्ची मांडून ठेवीन.

आपली,
ओढ्याकाठच्या वसाहतीतील एक करदाती रहिवासी
(निवृत्त अंगणवाडी सेविका)